ईसीएमची मेमरी उडाली म्हणतात, पण आधी सप्लाय तपासला का?

प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची डिझेल हॅचबॅक, बॅटरी बदलल्यावर महिन्याभरात चेक इंजिन लाइट लागली, स्कॅनरवर पी०६०३ हा फॉल्ट कोड कायम दिसतो आणि पी०६०१ अधूनमधून येतो, एक-दोनदा सेल्फ मारला तरी गाडी उठली नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो ईसीएमची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या बॉक्सची, मेमरी उडालीय, नवीन बॉक्स टाका. खर्च पाच आकडी. तर मेमरी झिजते का, आणि रिपेअर होते का?

होते. पण भाऊ, तुमच्या गाडीत मेमरीच खराब आहे हे अजून कोणी दाखवलेलंच नाही. कोड एवढंच सांगतो की ईसीएमने स्वतःचा डेटा तपासला आणि तो जुळला नाही. का जुळला नाही हे कोडमध्ये नसतं. 'मेमरी गेली' असं सांगून माझ्या टेबलावर येणाऱ्या बॉक्सपैकी बऱ्याच बॉक्समधली चिप ठणठणीत असते, गडबड निघते सप्लायची, अर्थची, नाहीतर कोणीतरी अर्धवट टाकलेल्या सॉफ्टवेअर फाइलची. म्हणून ऑर्डर दिली नसेल तर थांबा, दिली असेल तर आजच फोन करून थांबवता येते का बघा.

आधी कुठली मेमरी ते समजून घ्या, कारण ईसीएममध्ये ती एक नसते. फ्लॅशमध्ये प्रोग्राम आणि मॅप असतात, म्हणजे डिझेल किती आणि कधी मारायचं, रेल प्रेशर किती ठेवायचं वगैरे. ईईप्रॉम छोटी असते, तिच्यात त्या एका गाडीचा खाजगी डेटा: इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन उठू न देणारं कुलूप), चासी नंबर, इंजेक्टरचे कोड, चालता चालता शिकलेल्या व्हॅल्यू. रॅम म्हणजे गाडी चालू असतानाची पाटी, चावी बंद की पुसली. आणि जुन्या डिझाइनमध्ये रॅमचाच एक कोपरा बॅटरीच्या डायरेक्ट लाइनवर जिवंत ठेवलेला असायचा, ती कीप अलाइव्ह मेमरी. आता कोड बघा. पी०६०१ चेकसमचा, पी०६०२ प्रोग्रामिंग अर्धवट राहिल्याचा, पी०६०३ कीप अलाइव्हचा, पी०६०४ रॅमचा, पी०६०५ रॉमचा, पी०६०६ प्रोसेसरचा, आणि पी०६२एफ ईईप्रॉमचा. चेकसम म्हणजे काय तर एका ब्लॉकमधल्या सगळ्या बाइट्सची बेरीज करून ती लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडायची, नाही जुळली की कोड. चेकसम चुकला म्हणजे चिप मेली असा अर्थ होत नाही, एक बाइट चुकीचा लिहिला गेला तरी चुकतो.

तुमचा मुख्य कोड पी०६०३ आहे आणि तो बॅटरी बदलल्यावर आलाय, हे दोन एकत्र वाचा. नवीन गाड्यांत कीप अलाइव्हची वेगळी रॅम नसली तरी हा कोड वापरतात, कारण काम तेच आहे फक्त पद्धत वेगळी. चावी बंद केली की ईसीएम लगेच झोपत नाही, मेन रिले (त्याला सप्लाय देणारा स्विच) स्वतःच धरून ठेवतो आणि त्या काही सेकंदांत शिकलेल्या व्हॅल्यू ईईप्रॉममध्ये लिहून टाकतो, मग रिले सोडतो, तो टक आवाज बॉनेट उघडं असेल तर ऐकू येतो. आता त्या लिहिण्याच्या मधोमध सप्लाय गेला तर? अर्धा ब्लॉक नवा, अर्धा जुना, बेरीज चुकली. बॅटरीवाला चावी काढतो आणि त्याच हाताने टर्मिनल ओढतो, हे रोज होतं. चावी काढून पाच मिनिटं थांबायचं आणि मग टर्मिनलला हात लावायचा, एवढं केलं तरी या प्रकारातले बरेच कोड येणारच नाहीत. पण एकदा घडलं तर एकदाच कोड यायला हवा, क्लिअर केल्यावर परत यायला नको. तुमचा परत येतोय, म्हणजे रोज काहीतरी मधेच सप्लाय तोडतंय.

इथे मी पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे गाडीत चोरीपासून वाचवायला लपवलेला कटऑफ स्विच बसवलाय का. बरेच वायरमन तो ईसीएमच्या लाइनमध्येच टाकतात कारण गाडी बंद पाडायला तीच सोपी जागा. मालक रोज चावी काढून लगेच स्विच दाबतो, रोज लिहिणं अर्धवट राहतं, आणि रोज पी०६०३. असा स्विच असेल तर तो काढून टाका किंवा स्टार्टरच्या रिलेच्या वायरमध्ये हलवा, दुसरं काही करण्याआधी. मग म्युझिक सिस्टिम, एलईडी हेडलाइट, हॉर्न, अलार्म, कोणी ईसीएमच्या फ्यूजमधून लाइन चोरलीय का ते बघा. नवीन बॅटरीचे टर्मिनल तर सर्वात आधी हाताने पिरगळून बघा, खांबाचा साइज वेगळा निघाला म्हणून कथलाचा पत्रा खाली सरकवून बसवलेले क्लॅम्प मी बघितलेत, ते हातानेच फिरतात.

आता मापं. मल्टीमीटर ओहमवर लावून 'अर्थ ओके आहे' म्हणणाऱ्याकडून काही ऐकू नका. वायरच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असेल तरी ओहममध्ये शून्यच दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट सोडत नाही. लोडवर मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे खांबावरच, क्लॅम्पवर नाही, आणि लाल टोक ईसीएमच्या अर्थ पिनवर मागून टोचून, इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल्ल. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ बरी. अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर तुमचा आजार सापडला, बॉक्स उघडायची गरज नाही. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूने. इंजिन बंद असताना तपासायचं तर कपलर (ईसीएममध्ये बसणारा वायरिंगचा प्लग) काढून त्या पिनवर २१ वॅटचा बल्ब लावा, हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, तो लख्ख पेटला तर लाइन खरी. फक्त बल्बची टोकं कपलरच्या पिनमध्ये घुसवताना पिन रुंद करू नका, नाहीतर नवीन फॉल्ट तुम्हीच तयार कराल, योग्य मापाची मेल पिन वापरा.

सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. ऑल्टरनेटर चालू असताना मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर ऑल्टरनेटरमधला डायोड गेलेला आहे, आणि हा लहरी सप्लाय ईसीएमला रीसेट करत राहतो, मग पी०६०१ पासून पी०६०६ पर्यंत काहीही येऊ शकतं. सेन्सरची ५ व्होल्टची लाइनही बघाच. एखाद्या प्रेशर सेन्सरच्या आत शॉर्ट झाला की ती लाइन खाली बसते आणि कित्येक ईसीएम मेल्यासारखे वागतात, स्कॅनरशी बोलतही नाहीत, सेन्सर एकेक करून काढत गेलात की एका सेन्सरवर अचानक सगळं जिवंत होतं.

कोड कधी परत येतो हे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त सांगून जातं. क्लिअर करून चावी ऑन केली की सेकंदाभरात पी०६०१ परत, इंजिन चालू न करता, गाडी थंड असो की गरम: मग खरंच साठवलेला डेटा चुकीचा आहे, बॉक्स उघडायला कारण मिळालं. रात्रभर उभी राहिल्यावरच येतो: बॅटरीची कायमची लाइन, तिचा फ्यूज, मेन रिले. अर्धा तास चालवल्यावर, इंजिन तापल्यावर येतो: बोर्डवरचं सोल्डर किंवा प्रोसेसरखालचा जोड, इथे हीट गन हलकी मारून आणि मग फ्रीझ स्प्रे मारून तो टेबलावर बोलावता येतो. खड्ड्यातून गेलं की येतो: वायरिंग, कपलर. पावसाळ्यातच येतो: पाणी. कोकणातून येणाऱ्या बॉक्समध्ये हे नेहमीचं, आणि पाणी बॉक्सच्या झाकणातूनच येतं असं नाही, वायरच्या तारांच्या मधून केशाकर्षणाने चढत चढत कपलरमध्ये येतं, पिनांवर हिरवं धरतं. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारणारे यात भर घालतात.

इथपर्यंत सगळं नीट निघालं आणि पी०६०१ चावी लावताच परत येतोय, तर मग बॉक्स.

उघडायचा प्रकार बॉक्सवर अवलंबून. सिलिकॉनने चिकटवलेलं ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर खालून सावकाश गरम करून, कडेने पातळ पट्टी घालून, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही, कारण बोर्ड वाकला की प्रोसेसरखालचे जोड तुटतात आणि मग जो फॉल्ट नव्हता तो होतो. आत हिरवा बोर्ड निघाला तर काम होईल. आत पारदर्शक जेल आणि त्याखाली सिरॅमिकची प्लेट, केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा दिसल्या तर झाकण परत लावा, त्या तारा जोडणं सोल्डरिंग आयर्नचं काम नाही, कोणी 'करतो' म्हणालं तरी देऊ नका.

ईईप्रॉम सहसा आठ पायांची असते. २४ सिरीज, ९३ सिरीज, ९५ सिरीज, तिन्हींची भाषा वेगळी, प्रोग्रामरमध्ये (चिप वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रात) बरोबर पार्ट निवडावा लागतो. क्लिप लावून बोर्डवरच वाचायचा मोह सगळ्यांना होतो. होतं काय की क्लिपमधून दिलेला सप्लाय चिपपुरता राहत नाही, बाकी बोर्डाला जातो, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच लाइनवर बोलायला लागतो, मग वाचलेलं अर्धं खरं अर्धं कचरा. म्हणून नियम एकच ठेवलाय, तीन वेळा वाचायचं, तिन्ही फाइल कम्पेअर करायच्या, एका बाइटचा फरक आला तरी चिप काढून वाचायची. सगळं एफएफ (कोऱ्या चिपमध्ये दिसतो तो बाइट) आलं तर चिप कोरी आहे असं लगेच मानू नका, बहुतेक क्लिप नीट बसलेली नसते. सगळं शून्य आलं तर लाइन कुठेतरी खाली ओढली जातेय. ९३ सिरीजमध्ये अजून एक चकवा आहे, सहा नंबरच्या पायाने ठरतं की चिप ८ बिटची वागणार की १६ बिटची, आणि प्रोग्रामरने उलटं धरलं की बाइट जोडीजोडीने अदलाबदल होऊन दिसतात. अशी फाइल बघून पोरं म्हणतात डेटा करप्ट. करप्ट नाही, उलटा आहे. आणि स्वस्तातले काळे प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतात, ते आधी मीटरने तपासून घ्या.

वाचलेली मूळ फाइल दोन जागी ठेवा. त्याआधी काहीही लिहू नका. कितीही खराब डेटा असला तरी त्यातच त्या गाडीचा इमोबिलायझर आहे, तो पुसला की मग चावीच्या मागे लागावं लागतं.

आता रिपेअर म्हणजे नेमकं काय ते एका ओळखीच्या उदाहरणावर सांगतो. जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोमध्ये बॉशचा एमई७.५ आहे, त्याची ईईप्रॉम ९५०४०, म्हणजे ५१२ बाइट. ती १६-१६ बाइटच्या ३२ पानांत वाटलेली आहे, पानाचे पहिले १४ बाइट डेटा आणि शेवटचे दोन त्या पानाचा चेकसम, आणि बरीच पानं दोनदा लिहिलेली असतात, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. चेकसमचा हिशोबही सोपा, पान नंबर आणि १४ बाइट यांची बेरीज करायची आणि हेक्समधल्या एफएफएफएफ मधून वजा करायची. तर अशी फाइल उघडली की प्रत्येक पानाचा हिशोब करून बघायचा, कुठलं पान चुकतंय ते सापडतं. त्याचं जुळं पान बरोबर असेल तर त्याचा डेटा इकडे उतरवायचा, चेकसम या पानाच्या नंबरने नव्याने काढायचा (इथेच लोक फसतात, जुळ्याचा चेकसम तसाच्या तसा कॉपी करतात), लिहायचं, परत वाचून ताडायचं. काम झालं. जुळं नसेल आणि पान फक्त शिकलेल्या व्हॅल्यूंचं असेल तर ते रिकामं करून योग्य चेकसम घातला तरी चालतं, गाडी परत शिकते. पान इमोबिलायझरचं असेल तर तसं करता येत नाही. सगळ्या ईसीएमची मांडणी अशी नसते, पण जोडीच्या प्रती आणि ब्लॉकचा चेकसम ही पद्धत तुम्हाला पुष्कळ ठिकाणी दिसेल, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन ठिकाणी सारखेच बाइट दिसले की समजायचं.

नेटवरून 'सेम गाडीचा डंप', म्हणजे दुसऱ्याच्या चिपमधून वाचलेली फाइल, उतरवून सरळ टाकायचा प्रकार करू नका. त्यात दुसऱ्या गाडीचा इमोबिलायझर आणि दुसऱ्या गाडीचे इंजेक्टर कोड असतात, गाडी चालू झालीच तरी डिझेल इंजिन खडखडेल, कारण प्रत्येक इंजेक्टरची मारण्याची तऱ्हा वेगळी आणि ती त्या कोडमध्ये लिहिलेली असते. काही गाड्यांत किलोमीटरची प्रतही तिथेच असते, आणि ते बदलून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

चिप खरंच मेली असेल, म्हणजे लिहिलेलं परत वाचताना ठरावीक जागी चुकतंच राहत असेल, तर बदलायची. चिप तशी स्वस्तच मिळते. पण १२५ डिग्रीपर्यंतची ऑटोमोटिव्ह ग्रेडच घ्या, ८५ डिग्रीवाली टेबलावर मस्त चालते आणि मेमध्ये घाटात मरते. नवीन चिपवर आधी डेटा लिहून, ताडून, मग बसवायची. बॉक्स बंद करताना बोर्डावर कोटिंग परत द्या आणि न्यूट्रल सिलिकॉन वापरा, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. झाकणावर छोटी जाळी किंवा पांढरी टिकली असेल तर ती बुजवू नका, बऱ्याच बॉक्सच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, त्याला श्वास तिथूनच.

मेमरी झिजते का असंही विचारलंय. झिजते, पण कुठली आणि किती वापरली यावर आहे. साध्या ईईप्रॉमला बहुतेक कंपन्या दहा लाख वेळा लिहिण्याची हमी देतात, दिवसातून दहा वेळा चावी बंद केली तरी आयुष्य संपत नाही. झिजून मरण्याचं खरं गाजलेलं प्रकरण ईसीएमचं नाहीच, टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समधल्या मोठ्या स्क्रीनच्या युनिटचं आहे. त्यात ८ जीबीची ईएमएमसी (एक प्रकारची फ्लॅश मेमरी) चिप होती, तिचं आयुष्य ३,००० वेळा पुसण्या-लिहिण्याचं, आणि लॉग वगैरे सतत लिहिले गेल्याने पाच-सहा वर्षांत ती झिजून संपायची. मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याचं कंट्रोलही त्यावर, म्हणून अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने जानेवारी २०२१ मध्ये सुमारे १,५८,००० गाड्या परत बोलवायला सांगितलं आणि पुढच्या महिन्यात टेस्लाने सुमारे १,३५,००० गाड्यांचा रिकॉल काढला. तुमच्या हॅचबॅकचा ईसीएम इतकं लिहीतच नाही.

फ्लॅशचं थोडक्यात. गाडी आधी रिमॅप केली होती का, म्हणजे मूळ मॅप बदलले होते का, ते खरं सांगा, मालक लपवतात आणि आमचे दोन दिवस जातात. चेकसम न सुधारता टाकलेली रिमॅपची फाइल हे पी०६०१ चं अगदी सरळ कारण आहे, औषध म्हणजे मूळ सॉफ्टवेअर नंबरची स्टॉक, म्हणजे कंपनीची न बदललेली, फाइल परत टाकणं. टाकताना बॅटरीला साधा चार्जर लावू नका, त्याचं आउटपुट लहरी असतं, स्थिर १३.५ व्होल्टच्या आसपास देणारा, तीस अँपिअर तरी झेपणारा सप्लाय लावा, ब्लोअर, लाइट, पंखा सगळं बंद, लॅपटॉप चार्जरवर, त्याचं स्लीप बंद. मधेच तुटलं तर पी०६०२ येतो किंवा बॉक्स बोलतच नाही, पण बूट भाग (बॉक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असला तर टेबलावर बूट मोडमधून परत लिहिता येतो. फ्लॅश प्रोसेसरच्या पोटात असते, उदाहरणार्थ बॉशच्या बऱ्याच ईडीसी१७ मध्ये इन्फिनियॉनचा टीसी१७९७ आहे, त्यात ४ एमबी फ्लॅश. त्यातला सेलच खराब झाला, म्हणजे पुसून स्टॉक फाइल लिहिल्यावर त्याच पत्त्यावर परत चुकतंय, तर प्रोसेसर बदलण्यापेक्षा दुसरा बॉक्स क्लोन करणं, म्हणजे तुमचा डेटा त्यात उतरवणं, मला जास्त भरवशाचं वाटतं. प्रोसेसर बदलून देणारे आहेत, हात चांगला असेल तर होतंही, पण इंजिनच्या कंपनात ते जोड किती टिकतील याची हमी मी देत नाही.

क्लोनसाठी सेकंडहँड बॉक्स घेताना लेबलवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, सॉफ्टवेअर नंबर वेगळा असला तरी चालतो कारण तुमच्या बॉक्समधली फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही त्यात उतरवायच्या असतात. फ्लॅश खराब असेल तर स्टॉक फाइल आणि ईईप्रॉम तुमची. तो सेकंडहँड बॉक्स पाण्यात बुडालेल्या गाडीचा नाही ना ते पिनांवरून बघा, आणि भंगारवाल्याकडून बिल घ्या. मी तरी आरसी बघितल्याशिवाय इमोबिलायझरच्या कुठल्याच कामाला हात लावत नाही. २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांत हे क्लोनिंग प्रत्येक बॉक्सवर होत नाही, नवीन बॉश बॉक्सना कुलपं कडक आहेत, तिथे अधिकृत टूलने नवीन बॉक्स कोड करणंच शेवटी स्वस्त पडतं.

तुमच्या गाडीला मात्र आधी टर्मिनल, कटऑफ स्विच असला तर तो, आणि मेन रिले. रिले नवीन टाका, फार खर्च नाही. मग कोड क्लिअर करून आठवडाभर चालवा आणि परत आला तर तारीख नको, फक्त इतकं लिहा की चावी लावताच आला, सकाळी पहिल्यांदा आला, की तापल्यावर आला, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली गेलं.